शिवप्रिय धोतरा : देव्हाऱ्यातले फूल, वैद्याच्या कपाटातले विष

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली की लातूरच्या गंजगोलाईत आणि जुन्या नांदेडातील फुलवाल्यांच्या पाट्यांत बेलाच्या ढिगाशेजारी एक हिरवे, काटेरी, लिंबाएवढे फळ दिसू लागते. वर्षभर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. उकिरड्याच्या कडेला, पांदणीत, पडक्या वाड्याच्या भिंतीशी, गायरानात ते झुडूप आपोआप उगवते. गुरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत, शेतकरी ते उपटून बांधावर फेकतो. महाशिवरात्रीच्या दिवशी मात्र तेच फळ, आणि त्याच झुडपाचे कर्ण्यासारखे लांब पांढरे फूल, मोठ्या श्रद्धेने ओंजळीत धरून पिंडीवर वाहिले जाते. हा धोतरा. बेल शीतल, दूध पुष्टिकर, मध मधुर. या सर्वांच्या पंक्तीत अस्सल विषारी अशी ही एकच वस्तू भाविकाच्या तबकात असते.

आपल्या या भागावर महादेवाची छाया दाट आहे. नांदेडकर औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जातात, लातूरकर परळीला वैजनाथाच्या. ही दोन्ही ज्योतिर्लिंगे आज अनुक्रमे हिंगोली व बीड जिल्ह्यांत असली तरी जाणाऱ्या-येणाऱ्या भाविकाने जिल्ह्याच्या सीमा कधी मोजल्या नाहीत. लातूरचे ग्रामदैवतच सिद्धेश्वर, आणि त्याची यात्रा महाशिवरात्रीलाच भरते. देगलूर तालुक्यातील होट्टलला चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर आहे, निलंग्याला नीलकंठेश्वर आहे. यातील तीन नावांकडे वाचकांनी क्षणभर लक्ष द्यावे. नागनाथ म्हणजे सर्पांचा स्वामी, नीलकंठेश्वर म्हणजे हलाहल कंठात धारण करणारा, आणि वैजनाथ म्हणजे वैद्यनाथ, वैद्यांचा अधिपती. विष अंगावर बाळगणारा, विष पचविणारा आणि रोग हरण करणारा असा एकच देव आपल्या पूर्वजांनी या पंचक्रोशीत तीन नावांनी पूजिला. धोतऱ्याचे कोडे या नावांच्या आधारानेच उलगडते.

समुद्रमंथनाची कथा घरोघरी ठाऊक आहे, ती येथे सांगण्याचे कारण नाही. धोतऱ्याविषयीची कथा मात्र तेवढी परिचित नाही. देवदेवतांपासून निरनिराळ्या वनस्पती कशा उत्पन्न झाल्या हे वामनपुराणात सांगितले आहे, आणि तेथे धोतऱ्याचा उद्भव महेश्वराच्या हृदयापासून झाला असे वर्णन येते. निघंटुकारांनी त्याच्या नावांत ‘शिवप्रिय’ हे नाव याच भावनेने घातले असावे. परंतु त्याच निघंटूंतील इतर नावे पाहा : उन्मत्त, धूर्त, कितव म्हणजे जुगारी, महामोही. सोन्याचा वाचक असलेला ‘कनक’ हा शब्दही याच वनस्पतीला लावला गेला. दोन्हींचा मद सारखाच चढतो, अशी कोटी कवींनी त्यावर पुष्कळ केली. एका नावात देवाचे प्रेम आणि बाकीच्या नावांत सावधगिरीच्या खुणा, अशी ही नामावली आहे. नाव ठेवणारे लोक भाबडे नव्हते.

फुलाचा स्वभावही शिवरात्रीशी जुळणारा. दिवसा मिटलेली त्याची गुंडाळी सांज झाल्यावर उलगडते, रात्री त्याला मंद सुगंध येतो आणि मोठे पतंग त्याच्या खोल नळीत सोंड घालून मध पितात. शिवरात्रीची मुख्य पूजा निशीथकाळी, म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास. त्या वेळी पूर्ण उमललेले असे फूल शोधू गेल्यास हे सहज हाती लागते. आपल्याकडे याचे दोन-तीन प्रकार आढळतात. रस्त्याच्या कडेला सर्रास दिसणारा, राखट लवदार पानांचा पांढरा धोतरा मूळचा अमेरिका खंडातला, येथे येऊन रुळलेला. जांभळ्या देठाचा आणि जांभळ्या छटेच्या फुलाचा तो काळा धोतरा. त्याच्या फुलात कधीकधी एकात एक अशी दोन-तीन फुले बसविल्यासारखी दिसतात. औषधाला काळा अधिक गुणकारी मानण्याची प्रथा आहे. विषाच्या बाबतीत मात्र यांच्यात थोर-लहान करण्यासारखे काही नाही. मूळ, पान, फूल, फळ, बी, सर्वांगी विष. त्यातही बी अधिक घातक.

वाहणे आणि खाणे

येथे भाविकांच्या मनात एक गल्लत होताना दिसते. जे देवाला चालते ते पवित्र, आणि जे पवित्र ते निरुपद्रवी, अशी विचारांची घसरगुंडी होते. वस्तुतः धोतरा महादेवाला वाहिला जातो तो नैवेद्य म्हणून नव्हे. नैवेद्य आपण देवाला दाखवितो आणि प्रसाद म्हणून परत घेतो. धोतरा मात्र आपण देवाच्या स्वाधीन करतो, आणि परत घेत नाही. हलाहल ज्याने कंठात ठेवले त्याच्याकडेच ते सोपवावे, माणसाने त्याला पोटात थारा देऊ नये, असा या उपचाराचा सरळ अर्थ प्रस्तुत लेखकाला वाटतो. शिवाचे निर्माल्य अग्राह्य होय, ही जुनी रूढी याच ठिकाणी उपयोगी पडते. तिची शास्त्रीय कारणे धर्मशास्त्रकार निराळी सांगतील. परंतु पिंडीवरचा धोतरा कोणी उचलून घरी नेऊ नये, हे व्यवहारातले इष्ट फळ तिच्यातून आपोआप मिळते.

घरच्या पूजेत मात्र एक बारकावा आहे. अनेक घरांतून पिंडीवर बेल, धोतरा, रुईची फुले असे सर्व वाहून झाल्यावर वरून दुधाचा अभिषेक होतो आणि तेच दूध-पाणी तीर्थ म्हणून मुलांच्या तळहातावर पडते. फळ अखंड असेल आणि क्षणभरच भिजले असेल तर अपाय होण्याचा संभव थोडा. पण फळ फुटलेले असेल, बिया सुटून ताम्हनात पडल्या असतील, तर गोष्ट वेगळी. त्यावर उपाय सोपा आहे. अभिषेक आधी करावा, तीर्थ बाजूला काढून ठेवावे, आणि धोतरा नंतर वाहावा. यात पूजेची हानी मुळीच नाही. फळ चिरून, फोडून वाहण्याचे तर काहीच प्रयोजन नाही.

भांगेच्या बाबतीत याहून कडक बोलले पाहिजे. शिवरात्रीला थंडाई किंवा भांग घेण्याचा प्रकार मराठवाड्यात उत्तरेइतका रूढ नाही, तरी काही ठिकाणी तो चालतो, आणि ‘रंग चढावा’ म्हणून तीत धोतऱ्याचे बी वाटून घालणारे महाभागही निघतात. यात भक्ती नाही आणि गंमतही नाही. कोणत्या झुडपाच्या कोणत्या बीत किती विष आहे हे बाहेरून कळत नाही. एकाला नुसती ग्लानी येते, दुसरा दगावतो.

वैद्यांनी घातलेले कुंपण

आयुर्वेदाने धोतऱ्याला टाकून दिले नाही, हे खरे. पण त्याला मोकळेही सोडले नाही. भावप्रकाशादी ग्रंथांच्या परंपरेत विष आणि उपविष असे दोन वर्ग आहेत. बचनागासारखी महाविषे वेगळी, आणि सात उपविषे वेगळी : रुईचा चीक, निवडुंगाचा चीक, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा. या यादीकडे पाहिल्यास भाविक गृहस्थाला थोडे आश्चर्य वाटेल. रुईच्या पानांची माळ मारुतीला जाते. गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्रींत रुई, कण्हेर आणि धोतरा ही तिन्ही पाने असतात. कळलावीची अग्नीच्या ज्वालेसारखी फुले कोकणात व घाटमाथ्यावर गौरीपुढे मांडतात; आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या सणाला तिचे तेवढे प्रस्थ नाही. म्हणजे सात उपविषांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देवघरात कधी ना कधी येऊन जातात. देवघर आणि वैद्याचे कपाट यांची ही शेजारदारी जुनी आहे.

उपविष औषधात वापरायचे तर आधी त्याचे शोधन झाले पाहिजे, असा दंडक आहे. धोतऱ्याच्या बिया पुरचुंडीत बांधून गाईच्या दुधाने भरलेल्या भांड्यात टांगत्या ठेवतात आणि एक प्रहर, म्हणजे सुमारे तीन तास, मंद आचेवर शिजवतात. या मांडणीला दोलायंत्र म्हणतात. नंतर बिया धुऊन, वाळवून, टरफल काढून घेतात. काही विषद्रव्य दुधात उतरते, ते दूध फेकून द्यायचे असते. वाचायला हे सोपे वाटते, म्हणूनच सांगतो की हे स्वयंपाकघरात करून पाहण्याचे काम नव्हे. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि शासकीय आयुर्वेदिक व युनानी रसशाळाही आहे. ही कामे अशा जागी, जाणत्या हातांनी व्हावयाची असतात. शिवाय आज त्याला कायद्याचेही बंधन आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘ई-१’ या परिशिष्टात आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी दिलेली असून तीत धत्तूराचे नाव आहे. ज्या पोटात घ्यावयाच्या औषधात तो असेल त्याच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. दुकानातून बाटली आणताना ही ओळ वाचण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही, ती लागली पाहिजे.

धोतऱ्याचे सर्वांत प्रसिद्ध औषध म्हणजे कनकासव. ‘भैषज्यरत्नावली’तील हा आसव दम्याच्या रोग्यांना शतकानुशतके दिला जात आहे. धोतरा, अडुळसा, ज्येष्ठमध, पिंपळी, रिंगणी, नागकेशर, सुंठ, भारंगी, तालीसपत्र, मनुका, धायटीची फुले, साखर आणि मध, असा त्याचा परिवार आहे. नावात ‘कनक’ आहे ते धोतऱ्यावरून. सोन्याचा त्यात अंशही नाही. खेड्यापाड्यांत याशिवाय बाह्योपचार पुष्कळ. सांधा सुजला की पानाला तेल लावून ते कोमट करून बांधणे, डोक्यातल्या उवांसाठी पानांच्या रसात सिद्ध केलेले तेल चोळणे. बाहेरून लावले म्हणून निर्धास्त असावे असेही नाही, कारण जखमी त्वचेतून हे विष शरीरात शिरते आणि हात न धुता डोळ्याला लावल्यास बाहुली विस्फारून दोन-चार दिवस अक्षरे पुसट दिसतात.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर धोतऱ्याचा उपयोग सांगितला आहे. या एका उल्लेखाच्या आधारावर आजही काही गावांतून कुत्रा चावलेल्या मनुष्यास धोतऱ्याची मुळी किंवा बी देणारे लोक आढळतात. सुश्रुताचार्यांच्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आज आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. ती दिसण्यापूर्वी लस घेतली तर तो वाचतो. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. धोतरा देऊन घालविलेला प्रत्येक दिवस हा त्या मनुष्याच्या आयुष्यातून वजा होतो. सुश्रुताविषयी आदर बाळगणारांनी तरी हे करू नये.

वाटमाऱ्यांपासून दवाखान्यापर्यंत

या झाडाची दुष्कीर्तीही मोठी आहे. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधीसंवादात धोतऱ्यावर लिहिले आहे, ते चोरांच्या संदर्भात : अन्नात हे मिसळून घरच्या माणसांना भ्रमिष्ट करायचे आणि घर धुऊन न्यायचे. एकोणिसाव्या शतकात प्रवाशांशी सलगी करून त्यांना धोतरा चारणारे आणि लुबाडणारे ‘धतुरिये’ देशभर कुप्रसिद्ध होते. यात्रेच्या वाटेवर अनोळखी माणसाच्या हातचे खाऊ नये, हा आजी-आजोबांचा दंडक त्या काळच्या अनुभवातून आला असल्यास नवल नाही.

याच झाडाने त्याच सुमारास दुसराही प्रवास केला. मद्रासेकडे दम्यासाठी धोतऱ्याची मुळे वाळवून त्यांचा धूर ओढण्याची पद्धत होती. तेथील इंग्रज वैद्यांनी ती पाहिली, आणि १८०२ च्या सुमारास ती ब्रिटनमध्ये पोहोचली. पुढे शंभराहून अधिक वर्षे युरोप-अमेरिकेत धोतऱ्याच्या जातीतील पानांच्या ‘दम्याच्या सिगारेटी’ औषधाच्या दुकानांतून विकल्या जात होत्या. आज त्या गेल्या; परंतु श्वासनलिका सैल करणारी इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही जी औषधे फवाऱ्यातून ओढली जातात, त्यांची रचना धोतऱ्यातील द्रव्यांच्या धाटणीवरच बेतलेली आहे. औंढ्याच्या वारीत पायऱ्या चढताना एखादे आजोबा खिशातून फवारा काढून ओढतात, तेव्हा त्यांच्या हातात शिवप्रियाचाच एक दूरचा वंशज असतो.

ही द्रव्ये मुख्यतः तीन : हायोसायमिन, हायोसिन आणि पहिल्यापासून होणारे ॲट्रोपिन. ती शरीरातील स्राव आटवितात. तोंडाला कोरड पडते, घाम बंद होतो, अंग तापून लाल होते, नाडी धावू लागते, बाहुल्या विस्फारतात, लघवी अडते आणि माणूस बरळू लागतो. हवेत काहीतरी वेचल्यासारखे हात हलवितो, समोर नसलेल्या माणसांशी बोलतो. ‘उन्मत्त’ हे नाव उगाच पडलेले नाही.

आणि आता या विषाची आपल्या मराठवाड्याशी असलेली सर्वांत निकटची गाठ. सोयाबीन, कापूस, तूर यांच्या या पट्ट्यात कीटकनाशकाची बाटली नाही असे शेतकऱ्याचे घर विरळा. फवारणी करताना अंगावर उडून, किंवा दुर्दैवाने कोणी जाणूनबुजून प्यायल्यामुळे, विषबाधा झालेले रुग्ण नांदेड-लातूरच्या रुग्णालयांत येत असतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले, ती आठवण पुसलेली नाही. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातल्या कीटकनाशकांचा परिणाम धोतऱ्याच्या नेमका उलट असतो. तोंडाला फेस येतो, छाती कफ-पाण्याने भरून येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते. अशा वेळी डॉक्टर जे औषध शिरेतून एकामागून एक टोचतात ते ॲट्रोपिनच. छाती कोरडी होईपर्यंत, नाडी वर येईपर्यंत ते देत राहतात. मात्रा थोडी पुढे गेली की वाचलेला रुग्ण खाटेवर बरळू लागतो, पांघरुणावरचे न दिसणारे काहीतरी वेचू लागतो. नातेवाईक घाबरतात. पण ती धोतऱ्याचीच लक्षणे असतात, आणि मात्रा उतरली की तीही उतरतात.

पिंडीवर वाहिल्या जाणाऱ्या झाडातले द्रव्य अशा रीतीने आपल्याच जिल्ह्यातील शेतकऱ्याचे प्राण परत आणते. हे औषध कारखान्यात बहुतेक अन्य वनस्पतींपासून, शुद्ध व मोजून काढलेले असते, हेही येथेच सांगितले पाहिजे. फवारणीने बाधलेल्या माणसाला कोणी धोतऱ्याचे बी चारू गेला तर तो एका विषावर दुसरे विष, तेही बेमोजलेले, घालील.

मुले आणि पत्री

सर्वांत मोठा धोका लहान मुलांना. गणपतीची पत्री गोळा करण्याचे काम आपण हौसेने मुलांकडे देतो. मुले काटेरी फळ खेळायला घेतात, ते फुटते, आत पिवळसर चपट्या बिया निघतात, आणि त्या दिसतात थेट मिरचीच्या बियांसारख्या. एका फळात अशा शेकडो बिया. लहान मुलाच्या जीवावर बेतायला त्यांतल्या थोड्याही पुरतात. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते. पिवळ्या कण्हेरीचे, म्हणजे बिट्टीचे, फळ मुली खेळात सागरगोट्यांसारखे वापरतात. त्याचे बी हृदयाची गती बिघडविते. पत्री आणल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत, फळे बिया सांडणार नाहीत अशी कागदात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी उंचावर ठेवावीत. निर्माल्य अंगणात टाकू नये, खड्ड्यात पुरावे. नदीत सोडण्याचा प्रघात आता गोदावरीच्या आणि मांजरेच्या पाण्यासाठीच थांबविणे बरे.

एवढे करूनही मुलाने किंवा वडीलधाऱ्याने काही खाल्ले, तोंड कोरडे पडून ते असंबद्ध बोलू लागले, तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्याच्या फंदात पडू नये. भ्रमिष्ट माणसाच्या श्वासनलिकेत ती ओकारी जाऊ शकते. दृष्ट लागली, बाहेरची बाधा झाली म्हणून उतारा काढीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे, आणि निघताना ज्या झुडपाचे फळ खाल्ले त्याची एक डहाळी व उरलेले फळ पिशवीत घालून बरोबर न्यावे. डॉक्टरांचा निदानातला अर्धा वेळ त्याने वाचतो.